बिंदू : थेंब आणि टिंब

‘ग’ हे अक्षर घ्यावे आणि त्याच्या डोक्यावर एक टिंब द्यावे. लिहायला शिकणारे मूल त्याचा उच्चार ‘गं’ असा करील आणि त्याला ‘आई गं’ आठवेल. गणेशभक्ताला ते गणपतीचे बीजाक्षर दिसेल. भातखंड्यांच्या स्वरलेखनपद्धतीत शिकलेला विद्यार्थी तो तार सप्तकातला गंधार समजेल, आणि पलुस्करांच्या पद्धतीत तयार झालेला विद्यार्थी त्याच खुणेवर खाली उतरून मंद्रातला गंधार लावील. टिंब तेच, पण दोघांच्या स्वरांत दोन सप्तकांचे अंतर.

यांत चूक कोणाचीच नाही. पलुस्करांची खूण फार जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असताना शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात मंद्र स्वराच्या डोक्यावर बिंदू आणि तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ अशी व्यवस्था सांगितली आहे. शार्ङ्गदेव यादवांच्या हिशेबखात्यातला मोठा अधिकारी होता. खुणा नेमक्या ठेवण्याची सवय त्याला तिथेच लागली असावी, असे मला नेहमी वाटते. पुढे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी मंद्रासाठी टिंब स्वराच्या पायाशी आणले आणि तारासाठी डोक्यावर चढवले. खालचा स्वर म्हणून खाली, वरचा म्हणून वर. संगीताच्या परीक्षांना बसणारी मुले आजही दोन्ही पद्धती शिकतात आणि काही काळ गोंधळतात. त्या गोंधळात या पुस्तकाचा विषय पुरता सापडतो. बिंदू ही जगातली सर्वांत साधी खूण आहे, आणि म्हणूनच तिला अर्थ द्यावा लागतो तो भोवतालच्या व्यवस्थेने.

हे आधी सांगण्याचे कारण असे की बिंदूविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यातले बरेचसे उलट दिशेने चालते. बिंदू म्हणजे विश्वाचे बीज, तोच शून्य, तोच ओंकारावरचा ठिपका, तेच कपाळावरचे कुंकू, तोच महास्फोटाआधीचा कण, अशी माळ ओवली जाते आणि आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते या वाक्यावर लेख संपतो. या माळेमुळे प्रत्येक मण्याचे नुकसान होते. ज्याने शून्यासाठी टिंब वापरले त्या गणितज्ञाचे कसब वेगळे होते, आणि ज्याने ओंकाराच्या शेवटच्या गुंजनाला बिंदू म्हटले त्या साधकाचे निरीक्षण वेगळे होते. दोघांचा शब्द एक म्हणून दोघांचा शोध एक ठरत नाही. या संग्रहातले लेख निवडताना आम्ही हीच कसोटी लावली: कोणत्या कारागिराने, कोणत्या कामासाठी, हा शब्द हाती घेतला?

संस्कृतातल्या ‘बिंदु’ शब्दात दोन वस्तू नांदतात. एक ओली, दुसरी कोरडी. ओली म्हणजे थेंब: तो पडतो, पसरतो, मुरतो, आटतो. कोरडे म्हणजे टिंब: ते ठेवले तिथे राहते आणि जागा दाखवते. अथर्ववेदापासून शब्द आढळतो तो थेंबाच्या अर्थाने. अमरकोशात तो पाण्याच्या थेंबांच्या पर्यायांत येतो आणि हत्तीच्या तोंडावर उमटणाऱ्या ठिपक्यांच्या जाळीलाही तिथे ‘बिंदुजालक’ म्हटले आहे. म्हणजे कोशकाराच्या काळी ओला आणि कोरडा असे दोन्ही अर्थ चांगले रुळलेले होते. मराठीने ही वाटणी दोन वेगळ्या शब्दांत करून टाकली, त्यामुळे मराठी वाचकाला संस्कृत ग्रंथ वाचताना एक मोठी सोय आहे. जिथे बिंदू येईल तिथे त्याने एवढेच विचारावे, इथे थेंब आहे की टिंब? उत्तर सोपे असेल तिथे पुढे जावे. उत्तर देता येत नसेल तिथे थांबावे, कारण तिथेच काही तरी महत्त्वाचे चालले आहे.

थेंबाची बाजू आधी पाहू. वैद्यकात बिंदू हे माप आहे. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त नस्याचे प्रकरण लिहिताना त्याची व्याख्या दिली: तर्जनी दोन पेरांपर्यंत तेलात बुडवून वर काढावी आणि तिच्यावरून जेवढे ओघळून पडेल तो एक बिंदू. रोग्याच्या बळानुसार असे दहा, आठ किंवा सहा बिंदू नाकात सोडायचे. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात आजही मिळणाऱ्या षड्बिंदू तेलाचे नाव या मोजणीतून आले आहे. बोटाने मोजलेले हे माप कोणाला ओबडधोबड वाटेल. पण वैद्य खेडोपाडी फिरणार, त्याच्याजवळ काचेची नळी नाही, आणि बोट मात्र कायम बरोबर. मापाची इतकी व्यवहारी व्याख्या मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. ‘योगरत्नाकरा’त तेलाच्या थेंबाची आणखी एक परीक्षा येते. रोग्याच्या मूत्रावर तेलाचा बिंदू सोडून तो कसा वागतो ते पाहायचे. पसरला तर रोग साध्य, पसरला नाही तर कष्टसाध्य, तळाशी गेला तर असाध्य.

हाच पसरणारा तेलाचा थेंब नाट्यशास्त्रात भेटतो तेव्हा आश्चर्य वाटते. भरताने कथानकाच्या पाच अर्थप्रकृती सांगितल्या: बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. कथेचे मूळ प्रयोजन मध्येच खंडित झाल्यासारखे वाटते तेव्हा ते तुटू न देणारा, शेवटपर्यंत टिकणारा दुवा म्हणजे बिंदू. दहाव्या शतकात, माळव्याच्या मुंज राजाच्या दरबारी, धनंजयाने ‘दशरूपक’ लिहिले. त्यावरच्या टीकेत धनिक नावाचे कारण सांगतो: पाण्यावर तेलाचा थेंब पसरतो तसा हा कथेवर पसरतो. त्याने दिलेले उदाहरण हर्षाच्या ‘रत्नावली’चे आहे. पहिल्या अंकात मदनाची पूजा आटोपते, प्रसंग संपतो, नाटक तिथेच थबकेल अशी भीती निर्माण होते. तेवढ्यात भाटाच्या स्तुतीतून सागरिकेच्या कानावर पडते की समोरचा पुरुष उदयन राजा आहे. ज्याच्यासाठी तिला वडिलांनी देऊ केले होते तोच हा. एका नावाचा थेंब पडतो आणि पुढचे तीन अंक त्याने व्यापले जातात. मराठी नाटकाविषयी बोलताना आपण ‘परमोच्च बिंदू’ म्हणतो. तिथे बिंदू म्हणजे टोक, शिखरावरची जागा. भरताचा बिंदू शिखरावर नसतो. तो खळग्यात असतो, जिथे कथा आटत आली आहे तिथे. नाटक लिहिणाऱ्यांनी हा जुना अर्थ परत हाती घ्यावा असे मला मनापासून वाटते.

ग्रंथांच्या नावांतला बिंदू पुन्हा थेंबच आहे, पण दाटवलेला. सातव्या शतकातला बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्ती याचे ‘न्यायबिंदू’ आणि ‘हेतुबिंदू’, वाचस्पती मिश्रांचा ‘तत्त्वबिंदू’, जैन आचार्य हरिभद्रांचा ‘योगबिंदू’, मधुसूदन सरस्वतींचा ‘सिद्धांतबिंदू’: बौद्ध, मीमांसक, जैन, वेदांती, सर्वांना हे नाव आवडले. नावात नम्रता आहे, आणि सगळा समुद्र एवढ्यात चाखायला मिळेल असा आत्मविश्वासही. ‘न्यायबिंदू’ची हकिगत मुंबईशी जोडलेली आहे. भारतात बौद्ध न्यायाच्या संस्कृत पोथ्या जवळजवळ नाहीशा झाल्या असताना, एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवणारे पीटर पीटरसन यांना खंबायतच्या जैन भांडारात त्यावरची धर्मोत्तराची टीका सापडली आणि १८८९मध्ये त्यांनी ती छापली. बौद्धांचा थेंब जैनांनी जपून ठेवला होता, हे या देशाच्या विद्येच्या इतिहासातले एक सुंदर सत्य आहे.

आता टिंब. पेशावरच्या बाजूला मर्दानजवळच्या बख्शाली गावी १८८१मध्ये एका शेतकऱ्याला भूर्जपत्रांची जीर्ण पोथी मिळाली. सत्तर पानांचे ते अवशेष सध्या ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. त्यात शून्याच्या जागी भरीव टिंब आहे, आणि ज्या राशीचे मूल्य अजून काढायचे आहे तिच्या जागीही टिंबच आहे. दोन्हीकडे सांगायचे एकच: ही जागा रिकामी आहे. २०१७मध्ये पानांचे कार्बन-कालमापन झाले तेव्हा तीन वेगवेगळ्या शतकांतल्या तारखा निघाल्या आणि गणितेतिहासाच्या अभ्यासकांत वाद पेटला; तो मिटलेला नाही. कंबोडियात मेकाँगकाठी सांबोर इथल्या शिलालेखात शके ६०५ हे वर्ष कोरताना मधल्या शून्यासाठी टिंब दिले आहे, म्हणजे इसवी सन ६८३. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या ८७६च्या लेखात मात्र पोकळ गोल आहे. अरबी लिपीत आजही शून्य टिंबानेच लिहितात. सुबंधूच्या ‘वासवदत्ते’त आकाशातल्या चांदण्यांना विधात्याने मांडलेले शून्यबिंदू म्हटले आहे, कवीने अशी कल्पना करावी आणि वाचकाला ती कळावी, यावरून हिशेबातले टिंब तेव्हा किती ओळखीचे होते ते दिसते.

भूमितीत बिंदू उशिरा पण ठामपणे बसला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राटाने युक्लिडचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला, त्याचे नाव ‘रेखागणित’. त्यात बिंदूची व्याख्या करताना अविभाज्यतेच्या जोडीला तो दिसण्याजोगा असतो असेही म्हटले आहे. युक्लिडच्या व्याख्येत दिसण्याची अट नाही. एका शब्दाने भाषांतराच्या वाटेत थोडी माती पायाला लावून घेतली, असे मी म्हणेन.

तंत्रशास्त्राचे प्रकरण सर्वांत मोठे आणि सर्वांत अवघड. अडचण अशी की इथे थेंब आणि टिंब मुद्दाम एकत्र आणले जातात. अथर्वशीर्ष रोज म्हणणाऱ्या मराठी घरांत एक गोष्ट क्वचितच लक्षात येते: गणपतीच्या बीजमंत्राची फोड करताना तिथे अनुस्वार वेगळा सांगितला आहे आणि बिंदू वेगळा. अनुस्वार हे मंत्राचे अंत्यरूप, बिंदू हे उत्तररूप, आणि त्यांना सांधणारा नाद. कागदावर टिंब एकच असते. मग दुसरे कुठे आहे? ते ऐकण्यात आहे. ‘योगिनीहृदया’सारख्या ग्रंथांनी ओठ मिटल्यावरही रेंगाळणाऱ्या गुंजनाचे टप्पे पाडले: बिंदू, अर्धचंद्र, रोधिनी, नाद, नादांत, शक्ती, व्यापिका, समना आणि शेवटी उन्मना. बिंदूला अर्धी मात्रा, अर्धचंद्राला पाव, रोधिनीला एक अष्टमांश, असा प्रत्येक टप्पा आधीच्याच्या निम्मा होत समनेला मात्रेचा दोनशे छप्पन्नावा भाग उरतो, आणि उन्मना मोजणीपलीकडे. घंटेचा टोल विरताना कान देऊन ऐकणाऱ्या कोणालाही हे निरीक्षण कशावर उभे आहे ते पटेल. इथे गूढाच्या आधी बारकावा आहे.

लक्ष्मण देशिकाच्या ‘शारदातिलका’त परबिंदू फुटून बिंदू, बीज आणि नाद असे तीन होतात; पुण्यानंदाच्या ‘कामकलाविलासा’त पांढरा आणि तांबडा असे दोन बिंदू आणि त्यांचा संयोग येतो. दक्षिणेतल्या शैव सिद्धांतात बिंदू म्हणजे महामाया, शुद्ध सृष्टीचे उपादान. श्रीचक्रात तो त्रेचाळीस त्रिकोणांच्या गाभ्यातले नववे आवरण आहे. बिंदूपासून बाहेर निघाले की सृष्टिक्रम, बाहेरून बिंदूकडे आले की संहारक्रम. या परंपरेचे एक मोठे भाष्यकार भास्करराय तंजावरच्या मराठी राज्यात, कावेरीकाठी राहिले. आपल्याकडे त्यांची जेवढी आठवण राहायला हवी होती तेवढी राहिली नाही.

अभ्यासकांचे संप्रदायही इथेच स्पष्ट होतात. सर जॉन वुड्रॉफ यांनी १९२२च्या ‘गार्लंड ऑफ लेटर्स’मध्ये बिंदूला इंग्रजी वाचकांसमोर सविस्तर मांडले, पण निरनिराळ्या शाखांची मते एकाच ओघात. काशीच्या गोपीनाथ कविराजांनी साधकाच्या आतून लिहिले. आंद्रे पादू यांनी १९६३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे ‘वाच्’ या नावाने इंग्रजीत आलेल्या ग्रंथात प्रत्येक ग्रंथ, प्रत्येक शाखा वेगळी ठेवली. या संग्रहाचा कल पादूंकडे आहे. कविराजांशिवाय मात्र आमचे पान हलले नसते.

हठयोगाचा बिंदू पुन्हा ओला आहे. तो डोक्यातल्या चंद्रातून पाझरणारे अमृत आहे आणि तोच शुक्रही. अकराव्या शतकाच्या सुमारास बौद्ध वज्रयानाच्या परिसरात रचलेली ‘अमृतसिद्धी’, मग गोरक्षाच्या नावावरचे ग्रंथ, मग स्वात्मारामाची ‘हठप्रदीपिका’ हा प्रवास आता बराच उलगडला आहे. नादबिंदू, ध्यानबिंदू, तेजोबिंदू ही उपनिषदे या योगपरंपरेला जवळची; दक्षिणेतल्या एकशे आठ उपनिषदांच्या संग्रहातील त्यांच्या विस्तारित पाठांत नाथपंथी ग्रंथांचा मजकूर मिसळला आहे, हे क्रिस्त्याँ बूई यांनी १९९४मध्ये दाखवून दिले. नाथांच्या घराण्यात निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव आहेत, तेव्हा हा विषय आपल्या अंगणातला आहे.

पण या कल्पनेने माणसांना त्रासही दिला आहे आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. बिंदू गेला की आयुष्य गेले, हे निवडक साधकांसाठी सांगितलेले वचन बाजारात उतरले. रेल्वेमार्गाकडेच्या भिंतींवरच्या ‘धातुरोग’च्या जाहिराती तिथूनच येतात. मनोविकारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६०मध्ये या भीतीने खंगणाऱ्या तरुणांच्या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. योगाच्या ग्रंथाचा सन्मान राखायचा तर त्या ग्रंथाच्या नावाने विकली जाणारी भीती वेगळी काढून दाखवलीच पाहिजे.

मराठी लिपीतल्या टिंबावर आम्ही सर्वांत जास्त पाने दिली आहेत, कारण तो इतिहास आपल्या डोळ्यांदेखत घडला. पूर्वी ‘नांव’ म्हणजे ओळखीचे आणि ‘नाव’ म्हणजे पाण्यातली. पांच, दांत, कांटा या शब्दांवरची टिंबे पंच, दंत, कंटक यांतले हरवलेले अनुनासिक सांभाळत होती. घरीं, त्यानें, मुलें यांवरची टिंबे विभक्ती, लिंग आणि वचन सांगत होती. उच्चारातून ती नाहीशी झाली होती, लिहिताना मात्र पाठ करून द्यावी लागत. १९६२च्या लेखनविषयक नियमांनी स्पष्ट उच्चारला जाणारा शीर्षबिंदू ठेवला आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. बहुजनांच्या मुलांना लेखन सोपे झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. हरवले तेही खरे आहे. गोव्यात, कोंकणीत, ‘म्हजें’वरचे टिंब लिहिलेही जाते आणि ऐकूही येते, कोणाला जुन्या मराठीचा कान हवा असेल तर त्याने तिकडे जावे. दरम्यान टिंबाने मराठीत नवे काम पत्करले आहे. ‘केलं’, ‘घरं’, ‘असं’ यांत ते नाकात जात नाही, शेवटचा ‘अ’ लांबवते. काढून टाकलेल्या खुणेला लोकांनी दुसरी नोकरी दिली.

कुंकवाविषयीचा लेख हा संग्रहातला सर्वांत घरगुती. फणेरपेटीतला करंडा, कपाळावर आधी मेणाचे बोट, मग त्यावर पिंजर दाबून काठ पुसून घेण्याची रीत, आणि नवरा गेल्यावर तेच कपाळ जबरदस्तीने रिकामे करण्याची रूढी: या दोन्हींबद्दल बायकांनी स्वतः सांगितलेले तिथे आहे. कुंकवाला बिंदूचे तत्त्वज्ञान चिकटवताना ही दुसरी बाजू सोयीने विसरली जाते.

सय्यद हैदर रझा यांच्याशिवाय असे पुस्तक होऊच शकत नाही. नागपूरला आणि मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले, १९५०मध्ये पॅरिसला गेलेले रझा १९८०च्या सुमारास काळ्या बिंदूपाशी पोहोचले आणि पुढची साडेतीन दशके तिथेच राहिले. मंडला जिल्ह्यातल्या शाळेत मन थाऱ्यावर राहीना म्हणून गुरुजींनी भिंतीवर काढून दिलेल्या टिंबाची आठवण ते सांगत. त्यांच्या बिंदूत तंत्र किती आणि पॅरिसची भूमिती किती, यावर दोन लेखकांचे मतभेद आहेत. आम्ही दोन्ही लेख शेजारी छापले आहेत.

आणि आजचा, सरकारी मराठीतला बिंदू. आरक्षणाच्या पदभरतीत ‘बिंदुनामावली’ तपासली जाते; तिच्यातला प्रत्येक बिंदू म्हणजे एक पद, एका प्रवर्गासाठी ठरलेले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या सभरवाल निकालाने नामावलीचा आधार पद हाच ठरवला. २०१९मध्ये विद्यापीठांतल्या नेमणुकांसाठी तेरा बिंदू की दोनशे बिंदू यावर देशभर आंदोलन झाले आणि संसदेला कायदा करावा लागला. विभाग लहान असेल तर तेरा बिंदूंच्या नामावलीत अनेक प्रवर्गांची पाळीच येत नाही. इथे टिंबाची जागा म्हणजे कोणाच्या तरी घराची मिळकत. बिंदूच्या अर्थांचा अभ्यास आज का करावा, असे विचारणाऱ्याला मी हा लेख आधी वाचायला देईन.

वगळलेल्या गोष्टी सांगायला हव्यात. तिबेटी परंपरेतला बिंदू, ज्याला तिथे थिगले म्हणतात, तो मूळ तिबेटीतून वाचणारा लेखक मिळाल्याशिवाय घ्यायचा नाही असे ठरवले. ठिपक्यांच्या रांगोळीवर आणि तमिळनाडूच्या कोलमवर लेख आहे. गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये १९७०च्या दशकात कोलमचे व्याकरण संगणकशास्त्राच्या भाषेत मांडले, त्याचा परिचय तिथे मिळेल. मोतीबिंदू आणि काचबिंदू हे शब्द नेत्रवैद्यकात कसे रुजले यावरचे टिपण छोटे आहे, ते पुढच्या आवृत्तीत वाढवायचे आहे.

लेखांचा क्रम काळानुसार लावलेला नाही. गाणाऱ्यांनी स्वरलेखनापासून, शिक्षकांनी अनुस्वारापासून, नाटकवाल्यांनी ‘रत्नावली’पासून सुरुवात करावी. तंत्रावरचे तीन लेख मात्र सलग वाचावेत, आणि वाचताना अर्धमात्रेचा तक्ता उघडा ठेवावा. तो याच कारणासाठी पुस्तकाच्या शेवटी घडीच्या पानावर दिला आहे.